नंतर आठवण करा

चौदा महिने मी तेच बटण दाबत आलो:
‘नंतर आठवण करा.’
रोज संध्याकाळी, काळा पाव कापून झाला की
कोपऱ्यात ती चौकट उगवायची,
वसुलीला आलेल्या भिडस्त माणसासारखी,
आणि मी तिला परत पाठवायचो.
लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जमत नाही.
वाटू दिलं.

पंचेचाळीस वर्षं मी पियानो लावले, या हापसालूत.
संगीतशाळेतले सात, बंदरावरच्या हॉटेलातला एक,
आणि दंतवैद्य बाईंचा,
ज्याला कुणी कधी हात लावला नाही.
तोच सगळ्यांत जास्त उतरलेला असायचा.
मी सांगायचो, बाई, झाकून ठेवला म्हणजे
सुरात राहतो असं नाही.
थंडीत लाकूड आक्रसतं,
तारा झोपेतसुद्धा सैल पडतात.
त्या मान हलवायच्या.
पुढच्या वर्षी बोलावते, म्हणायच्या.

आणि आता हेच मला ट्रीन सांगत होती,
वाचनालयातली ट्रीन, दर गुरुवारी घरोघर फिरते ती,
बूट दारात काढून, लोकरी मोज्यांवर.
‘हात न लावताही हा जुना होतो, एंडेल.
कुणीतरी कुठेतरी रोज त्याच्या फटी शोधत असतं.
सापडली की बनवणारे ठिगळ शिवतात
आणि तुमच्या उंबऱ्यावर आणून ठेवतात.
तुम्ही दारच उघडत नाही.’
मग तिने साल्मेचं सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या.
पार्सल आलंय म्हणून एक पत्र, त्यावर एक टिचकी,
आणि सकाळी नातवंडांचे सगळे फोटो कुलपात,
किल्लीची किंमत चारशे युरो.
‘त्या भोकाचं ठिगळ सप्टेंबरातच आलं होतं.’

मी म्हटलं, कॉफी घे.
ती म्हणाली, रीस्टार्ट करावा लागेल.
मी म्हटलं, केकही आहे.

शेवटी दाखवलं.
खालच्या पट्टीत, नाव नसलेली एक खिडकी.
लाइनेने उघडलेली,
दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री.

    बटाटे, तळघरातले आधी
    पडदे धुणे
    एंडेलला सांगणे की

एवढंच.
‘की’च्या पुढे ती बारीक काडी लुकलुकत होती
चौदा महिने.
मी यंत्र झोपवत होतो, बंद कधी केलं नाही.
वादळात वीज गेली की
बॅटरीचे आकडे बघत बसायचो, कोट घालून.

ट्रीन गप्प राहिली. बरं झालं.
मग तिने विचारलं, ‘नाव काय देऊ?’
एवढी साधी गोष्ट.
जपून ठेवायची तर आधी नाव द्यावं लागतं,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,
किंवा मी विचारलं नव्हतं.
‘पडदे,’ मी म्हटलं.

‘आपोआप’च्या समोरची कळ निळी झाली.
वेळ कोणती ठेवू? रात्री तीन?
तेव्हा वापरत नसाल ना?
वापरत नाही, म्हटलं. नुसता जागा असतो.

तीन वाजता तो स्वतःच उठला.
बाहेर बर्फ ओढणारी गाडी गेली, पिवळा दिवा फिरवत.
सतरा टक्के. कृपया बंद करू नका.
पंख्याचा सूर ‘ला’च्या किंचित खाली.
सवय जात नाही.
एकदा सगळं काळं झालं,
तेव्हा मी टेबलाची कड धरली. मग उजळलं.

फाईल उघडून बघितली.
‘की’ होता. पुढे काही नव्हतं, तेही तसंच होतं.
फक्त काडी आता वर गेली होती,
पहिल्या ओळीच्याही आधी,
बटाट्यांच्या अलीकडे उभी.

नऊ वाजेपर्यंत पडदे बादलीत होते.
पाणी चहासारखं झालं.