यादी मागितलीत म्हणून

बाई,
सहावीच्या मुलांसाठी चांगल्या पुस्तकांची यादी द्या म्हणालात,
दहा नावं, अनुक्रमांक घालून.
शनिवारपासून बसलोय.
एक आकडा काढला, पुढे टिंब दिलं,
आणि टिंबापाशीच पेन सुकलं.

चांगलं म्हणजे कोणाला, ते चिठ्ठीत नाही.
तुमच्या वर्गातला गिरीधर घ्या.
खाण बंद झाल्यापासून बापाचा ट्रक अंगणात,
टपावर कोंबड्या झोपतात.
त्याला मी राजपुत्राची गोष्ट दिली, सोनेरी कव्हरची.
दुसऱ्या दिवशी टेबलावर.
"सात दीस धांवलो तो घोडो, काका,
ताका खावपाक कोणें घालें?"
मला काय माहीत! पुस्तकात नव्हतं.
मग सायकल दुरुस्तीचं दिलं, नुसत्या आकृत्या,
पानापानावर साखळी, छर्रे, नट.
तीन महिने झाले. दंड मी भरतो.

भुताची पुस्तकं देऊ नयेत, असं पालकसभेत ठरलं.
देत नाही.
लोखंडी कपाटामागे ठेवतो
आणि कपाट भिंतीपासून वीतभर सरकवून ठेवतो.

आणि ती रीमा, जिची आई कुवेतला कामाला गेली,
तिला कथा नको, कविता नको,
ती येते आणि नकाशांचं जाडं पुस्तक उघडते,
साखळीवर अंगठा ठेवते, कुवेतवर करंगळी,
आणि हात तसाच उचलून
घरी घेऊन जाते.
हे तुमच्या यादीत कुठल्या रकान्यात घालू?

आता एक कबुली.
मुलांचं कपाट आम्ही खाली ठेवलं, हात पोचावा म्हणून.
वाळवंटीचं पाणी बाजारात शिरलं त्या साली
तिचाही हात तिथेच पोचला.
पुस्तकं गच्चीवर वाळवली. फुगली, पापडासारखी वाकली,
काहींची पानं गळाली. कोणाची किती, कोण मोजणार?

त्यातलंच एक, हरवलेलं रेडकू शोधायला
नदीपलीकडे गेलेल्या पोराचं.
मी ते हमखास द्यायचो. वर सांगायचो,
"शेवट फार सुंदर आहे हां."
मागच्या पुठ्ठ्यावर पुरानंतरचे अकरा शिक्के.
अकरा जणांनी परत केलं. अकराही म्हणाले, छान होतं.

बारावी प्रांजल माजिक.
केसांना तेल, हाताला बोंडूचा डाग,
पुस्तक उघडंच धरून उभी राहिली.
"काका, निमाणें पान खंय?"

बाई, सव्वीस वर्षं मी पुस्तकं झटकतोय.
धूळ कुठली खाणीची आणि कुठली रस्त्याची
ते बोटाने सांगेन.
पण ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं.
तिला तसं सांगितलं.
ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.
म्हणाली, "तर मग बसा."

मग तिने पहिल्यापासून वाचलं,
मराठी वाक्यं, कोंकणी हेल,
जोडाक्षरापाशी जरा थांबून, ओहळ ओलांडावा तशी उडी.
पाचचा भोंगा झाला. वाळपईची बस गेली.
पोर झाडीत शिरलं, अंधार पडला,
"आणि पलीकडून घंटेचा"

एवढंच. पुढे पुठ्ठा.

आम्ही दोघं गप्प बसलो, कान देऊन.
बाहेर पोदेराचा हॉर्न वाजत वाजत
तारीच्या रस्त्याला लागला.
"म्हशीची न्हय ती घांट," ती म्हणाली,
"देवळाची." आणि चपला घालून गेली.
मला वाटतं म्हशीचीच.
उद्या तिच्याशी भांडणार आहे.

तर यादीचं असं,
मुलंच पाठवा. एकदम नको, एकेक.
साडेचारनंतर, म्हणजे ग्रंथपाल गेलेले असतात.
क्रमांक एक मी लिहिलाच आहे.
पुढचं त्यांना बघून.

आपला,
उल्हास च्यारी, शिपाई

ता. क. सायकलीचं पुस्तक धरू नका.
ते इतक्यात परत येणार नाही.