बारा घंटांचं गणित

मंगळवारी साडेसातला एकोणसाठ पायऱ्या.
एकोणसाठ ही मूळ संख्या,
म्हणून समान टप्प्यांवर दम खाता येत नाही,
असं मी एकदा म्हणाले,
तर आमचा म्होरक्या नॉर्मन पिम पायरीवर बसून हसला.
दम त्यालाच लागला होता.

लिंकनशरमधलं सपाट गाव, चहूकडे कोबी,
मधोमध चर्चचा हा मनोरा.
इथे घंटांवर चाल वाजवत नाहीत. क्रम वाजवतात.
एक दोन तीन चार. मग दोन एक चार तीन.
शेजारणीशी जागा बदलत एकेक घर सरकायचं,
आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा नाही.

बारा घंटांचे सगळे क्रम किती,
ते नॉर्मनने खडूने भिंतीवर लिहिलंय.
मी त्याचे स्वल्पविराम मनात हलवून वाचते:
सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे.
एकपासून बारापर्यंत कुणीही यावं,
पंगतीतून उपाशी कुणी उठत नाही.

तिच्या अलीकडची, पाचशे नव्व्याण्णववाली,
मूळ संख्या. कडी आतून.
पलीकडची, सहाशे एकवाली,
दोनपासून बारापर्यंत सगळ्यांना
हातावर एक बाकी ठेवून परत पाठवते
आणि तेराला आत घेते.
तेही दोनदा.
मी भागून पाहिलं, दवाखान्याच्या जुन्या लेटरपॅडवर.
अठ्ठावीस लाख चौतीस हजार तीनशे एकोणतीस उरले,
तिथे तेराही थकला.

क्रमाला अडीच सेकंद धरले
तर सगळे वाजायला अडतीस वर्षं, न झोपता.
मी इथे दातांची डॉक्टर म्हणून आले
त्याला मार्चमध्ये अडतीस होतील.
त्या दिवशी कुणी दोर ओढला असता
तर मी अर्ध्या गावाच्या दाढा काढेपर्यंत
बाहेर एकही क्रम दुसऱ्यांदा ऐकू आला नसता.

डोरीन ॲटवेल नववी घंटा ओढायची.
जानेवारीत गेली, गुरुवारी.
नॉर्मनने जुना आकडा पुसला नाही,
खाली नवा लिहिला:
तीन कोटी नव्व्याण्णव लाख सोळा हजार आठशे.
माणूस गेलं की एक वजा होत नाही.
बाराने भागलं जातं.
अडतीस वर्षांची तीन उरतात, वर दोन महिने.

इथे तेरावा करत नाहीत.
मीही करणार नव्हते, दिवस आपसूक मोजले गेले
आणि तेरावा मंगळवारीच आला.
नववीचा दोर वर गुंडाळलेला,
लोकरीच्या गोंड्यावर तिच्या हातांचा मळ.
मी डब्यात लाडू नेले होते.
कसले, क्लाइव्हने विचारलं.
तेराचे, म्हटलं.
त्याने तीन खाल्ले.

दहावी माझी.
आता आठवीनंतर लगेच ओढायची होती.
मी सवयीने एक ठोका थांबले.

"हा क्रम धरू नका," नॉर्मन म्हणाला,
आणि आम्ही परत एकपासून.