डावीकडे, खाली

परवान्यावरच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.
कमिशनर ऑफिसातला बाबू म्हणाला, चालते बाई.

बत्तीस बोअरचं, तळहाताएवढं,
काळं आणि हट्टी.
स्लाइड मागे ओढताना पहिल्याच आठवड्यात
अंगठ्याचं नख गेलं.
कधी अर्ध्यात अडकायचं, रिकामं काडतूस तोंडात धरून,
जसं लहान पोर घास गालात धरून बसतं.
"नवी चप्पल चावते ना, तसंच हाय हे,"
सुभेदार उईके म्हणाले.
"शंभर-दीडशे गोळ्या खाऊ द्या त्याले. मंग सुधरते."

पण गोळ्या मोजून मिळतात,
वर्षाच्या कोट्यातून, वहीत नोंदून.
एक गोळी म्हणजे एक लिटर पेट्रोल आणि वर सुटे पैसे,
हे गणित मला पटकन येतं.
उमरेड रोडवरचा पंप माझ्या नावावर आहे.
तिथूनच रात्री पिशवी घेऊन निघाले होते ढोबळे मॅनेजर.
आता ते डाव्या हातानं नोटा मोजतात,
आणि एकदाही चुकत नाहीत.

म्हणून घरी, रात्री,
मॅगझिन काढून दुसऱ्या खोलीत ठेवते,
चेंबर दोनदा बघते, तिसऱ्यांदा बोट घालून बघते.
मग नळीवर पाच रुपयांचं नाणं,
आणि समोर कॅलेंडरातली एखादी एकादशी.
ट्रिगर दाबायचा.
नाणं पडू द्यायचं नाही.
पडतं. फरशीवर गोल फिरत फ्रिजखाली जातं.
"आई, काय करून राहिली तू?"
"नाणं सांभाळून राहिली."

बाबा अंबाझरीच्या कारखान्यात होते, एकतीस वर्षं.
तोफगोळ्यांची कवचं घासून गुळगुळीत करायचे,
आणि दिवाळीत आम्हाला लवंगीसुद्धा आणायचे नाहीत.
काहून, ते कधी विचारलं नाही.

गोरेवाड्यापलीकडची रेंज. मे महिना.
सकाळी सातलाच पत्रा तापलेला,
सागाची वाळकी पानं मातीच्या बांधावर.
संत्र्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद,
त्यावर काळं वर्तुळ,
आणि माझी सगळी भोकं
डावीकडे, खाली.
पुन्हा पाच. डावीकडे, खाली.
मी म्हटलं, साइट वाकडी असेल, घासून घेऊ.

उईके काही बोलले नाहीत.
मॅगझिन घेतलं, पाठ फिरवली,
भरलं आणि हातात दिलं.
एक. दोन.
तिसऱ्याला नुसतं टिक.

आवाज नाही. धक्का नाही.
तरी नळी खाली गेली होती,
डावीकडे झुकून,
जशी मान जाते
समोरच्यानं नुसता हात उचलला की.

"खोटी गोळी होती," उईके म्हणाले,
"पाह्यलं?"
पाहिलं.
चौदा वर्षं झाली त्या घरातून निघून.
मी सगळं विसरले होते.
मनगटाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर महिनाभर
त्यांनी खऱ्यात खोट्या मिसळल्या,
कधी दोन, कधी एकही नाही.
"आवाजाची वाट पाहू नका. तो येईनच.
तुम्ही फक्त दाबत राहा,
लिंबू पिळता तसं, बी खाली न पाडता."

भोकं ताटाएवढ्या जागेत आली. मग बशीएवढ्या.
स्प्रिंग मऊ झाली, अडकणं थांबलं,
स्लाइड आता लोण्यातून सुरी.
"पिस्तूल रुळलं," ते म्हणाले,
आणि माझ्याकडे बघून पुढचं वाक्य गिळलं.

आता रोज रात्री नऊ वाजता
कुर्त्याखाली, उजव्या कमरेला,
ते माझ्याइतकंच गरम असतं.
ढोबळे पिशवी धरतात, मी गाडी चालवते,
सक्करदऱ्याच्या सिग्नलला दोघंही गप्प.
एकदाही काढावं लागलेलं नाही.
शेजारी कुणाचा हात आरशाकडे उचलला गेला
की मान अजून जाते. थोडी.

ते पाच रुपयांचं नाणं
परवा पोरानं कुणाला सुट्ट्यांत देऊन टाकलं.
मी गल्ल्यातून दुसरं घेतलं.
नवं आहे,
जास्त घसरतं.