सत्तावीस

नऱ्ह्याच्या सर्व्हिस रोडला, टायरच्या दुकानामागे
आमची प्रयोगशाळा. पाटी लहान.
करता काय, असं कोणी विचारलं तर सांगते : ठोकळे फोडते.
आई पाहुण्यांना अजून सांगते, पोरगी ऑफिसात असते.

काँक्रीटचे ठोकळे, वीतभरही नाहीत.
अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे,
पाणी सत्तावीस अंशांवर, फार तर दोन इकडे, दोन तिकडे.
मग यंत्राच्या जबड्यात. काटा चढतो,
ठोकळा बराच वेळ काही बोलत नाही,
मग एक कोपरा सुटतो
आणि एकदम सगळाच.
तो आकडा मी लिहिते.
त्यावर महापालिका कुठे टाकी चढवते,
कुठे बिल अडवते.

गेल्या दिवाळीत चार दिवस कुलूप होतं.
भाऊबीज उरकून आले नि वहीत चार ओळी
एका दमात भरल्या, एकाच पेनाने :
सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस.
पाण्याला काय कळतंय सण आहे म्हणून.

फेब्रुवारीत मान्यतेच्या तपासणीला तांबोळीबाई आल्या, मिरजेहून.
चहा नको म्हणाल्या. पाण्याची बाटली स्वतःची.
फ्रेम केलेल्या प्रमाणपत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही.
यंत्र कोणत्या कड्याने तपासलं, विचारलं,
मग त्या कड्याचा दाखला,
मग ते कडं ज्याने तपासलं त्याचा,
असं करत करत खुर्चीवरून न उठता
दिल्लीपर्यंत जाऊन आल्या.
टाकीत आपला तापमापक सोडला.
वही उलटली. बोट चार ओळींवर थांबलं.

"दिवाळीत आला होतात?"
नाही.
"मग हे कोणी पाहिलं?"

ढमढेरेसाहेबांचे कान लाल झाले. माझं तर सगळंच.
बाई आवाज न चढवता त्रुटी लिहीत होत्या,
अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं.
खाली सही माझी.
चारही ओळींवर एकेक रेघ मारायची, म्हणाल्या,
पण आतलं वाचता आलं पाहिजे.
बाजूला तारीख, आणि कारण.
कारण लिहिलं : पाहिले नव्हते.
त्या दिवसांतले ठोकळे ज्यांचे, त्यांना सात पत्रं गेली.
एक गिऱ्हाईक तुटलं. नवा तापमापक आला,
तो रात्रीही जागा असतो.

जूनमध्ये धानोरीच्या टाकीचे ठोकळे फुटले.
पंचवीस हवे होते, भरले अठरा पूर्णांक चार.
कंत्राटदाराचा पासलकर संध्याकाळी आला,
हेल्मेट काखेत, बोलणं गोड.
ताई, पोरं नवीन होती, पाणी जास्त पडलं असेल,
बावीस-तेवीस लिहा, पुढचं आम्ही बघतो.
नाही म्हटल्यावर हळूच :
तुमच्याकडेही दिवाळीत अंदाजानेच चालतं, ऐकलंय.

चालत होतं, म्हटलं,
आणि वही त्याच्यासमोर उघडून ठेवली.
त्याने रेघांखालचं वाचलं. कारणही वाचलं.
मग दुसरीकडे टाकतो म्हणाला ठोकळे.
टाका की.
निविदेत मान्यताप्राप्तच हवी असं कलम आहे,
आणि दुसरीकडेही कोणी ना कोणी
आपली बाटली घेऊन येऊन गेलेलं असणार.
हे दुसरं मी मनातच म्हणाले. तेवढी खात्री मला नाही.

अहवाल गेला. पालिकेतून कसबे नावाच्या ज्युनिअर इंजिनिअरचा फोन,
एवढंच विचारलं, आकडा पक्का ना?
पक्का. यंत्राचाही, माझाही.
मग भिंतीतून नमुने कापायला लावतो, म्हणाला, बिल थांबवतो.
धानोरीत त्या दिवशीही टँकरच आला असेल.
टाकी लांबली म्हणून कोणी शिव्या घातल्या असतील,
कोणाला ते त्यांना माहीत नसेल.

काल रविवार. आई म्हणाली, ऑफिसला सुट्टी नाही?
आहे, म्हटलं, नि स्कूटी काढली.
शटर अर्धंच वर केलं, वाकून आत गेले.
सव्वीस पूर्णांक चार.
तेच लिहिलं.