बारा पौंडी

स्टीलच्या डब्यात, शिलाईच्या गंजक्या सुयांखाली
सापडलं ते रीळ.
शंभर मीटर. फ्लोरोकार्बन. बारा पौंड.
चिकटपट्टीवर रज्जाकचं अक्षर:
आर्धी तुही, आर्धी माही.
नऊ वर्षं झाली.

वर्गणी करून औरंगाबादहून मागवली होती
येलदरीच्या भिंतीखाली बसायचो तेव्हा.
साधा तंगूस दोन उन्हाळ्यांत पिवळा पडायचा,
पाणी पिऊन फुगायचा,
आणि रोहूनं मान झटकली की
हातात नुसती दांडी.
"हे पाणी पीत न्हाई," रज्जाक म्हणाला,
"अन् पाण्यात दिसत बी न्हाई.
माशाला वाटतंय, दाणा आपुनच चालत येऊ लालाय."

मोटारी भरायचा तो जिंतुरात.
जळक्या पंपाच्या पोटातून काळी तार उपसायची,
नवी बसवायची, वेढे मोजत ओठांतल्या ओठांत.
त्याला तार कळायची.
मला वजनं. एकतीस वर्षं काटे तपासले,
शिक्के मारले, आणि एका गुरुवारी
मासळीबाजारात त्याच्या मेहुण्याचा काटा निघाला
चाळीस ग्रॅम खोटा.
मालाच्या पारड्याखाली डिंकानं चिकटवलेलं शिसं,
गळाला लावतो तसलंच,
आमच्याच पेटीतल्यासारखं.

मी पंचनामा केला.
रज्जाक काही बोलला नाही.
नंतरही नाही.

मग धरण मृतसाठ्यावर गेलं, दोन वर्षं.
गाळाला भेगा पडल्या, भेगांत शिंपले.
मग भरलं. मग पुन्हा उतरलं.
दोरी डब्यात होती. ऊन नाही, पाणी नाही,
तिला बहुतेक काहीच कळलं नाही.

आज खिडकीच्या गजाला बांधून
खात्यातला जुना ताणकाटा अडकवला.
पहिली गाठ घाईची, कोरडी.
साडेतीन किलोला तटकन गेली,
तुटलेल्या टोकाला वेलीसारखी वळी.
तेव्हा आठवलं:
"थुका लाव किसनराव.
कोरडी गाठ सोताच सोताला जाळती, वायंडिंगवानी."

दुसरी गाठ जिभेवर धरून ओली केली,
हळू आवळली.
चार. साडेचार. पाच.
पाच किलो दोनशेला सुई थरथरत थांबली,
माझाच दंड आधी दुखला.

तिसऱ्यांदा वरचा वेढा घेतला, सुयांना लागून असलेला.
दोन किलोलाच गेली, गाठ शाबूत, मधूनच.
नखानं चाचपलं तेव्हा लागला ओरखडा,
डोळ्यांना न दिसणारा.
नऊ वर्षांनी काही झालं नव्हतं तिला.
एका सुईनं झालं होतं.

उरली चौऱ्याण्णव.
मोजायला पितळी मीटरपट्टी काढली,
निवृत्त झालो तरी ती माझ्याकडेच आहे,
हेही लिहून ठेवायला हवं कुठंतरी.
तपासणीत गेलेली सहा माझ्या खात्यावर.
त्याची पन्नास, माझी चव्वेचाळीस.
रिकाम्या दोऱ्याच्या रिळावर भरू लागलो
तर बोटांतून उसळून बाहेर येई,
जुन्या रिळाचा घेर धरून बसलेली.
कोमट पाण्यात बुडवली, ओढून धरली,
तेव्हा कुठं सरळ झाली.

रज्जाकच्या दुकानात लाइट नव्हती.
चष्मा जाड झालाय त्याचा.
रीळ काउंटरवर ठेवलं.
"किती?"
"पन्नास."
त्यानं मान वर केली नाही.
टोक शोधलं नखानं,
आणि माझ्यासमोर, वजनमापेवाल्यासमोर,
दोन्ही हात पसरून मोजायला लागला,
एक वाव, दोन वाव,
ओठ हलत होते.
मी दारात उभा. बाहेर कुणीतरी
पंप घेऊन आलं होतं बैलगाडीत, त्याला म्हटलं, थांब जरा.

अठ्ठाविसाव्या वावेला दोरी संपली.
त्यानं शेवटचं टोक चिमटीत धरलं,
उजेडाकडं नेलं,
मग तोंडात घालून
ओलं केलं.