दाराबाहेरचे पंधरा

ये पॉलीझेलोस, बस. जवाची भाकर घे, भिजवून घे,
रात्री सुका घास घशात अडकला की सकाळी आवाज फाटतो.
उद्यापासून तू म्होरक्या.
थोरिकोसच्या या लांबट, वेड्यावाकड्या रंगभूमीवर
डाव्या रांगेत, मधोमध. तिथली जमीन जरा खचली आहे,
टाच सांभाळ.

काम तसं सोपं.
ओनेसिमोस जोडपाव्यात फुंकण्याआधी खांदा उचलतो.
तो खांदा बघायचा आणि श्वास घ्यायचा.
मागचे चौदा तुझ्या पाठीवरून ओळखतात
की आता.

दूत येईल. तू विचारायचंस, काय झालं.
मग विचारायचंस, कसं झालं.
तुला सगळं पाठ असतं, तरी विचारायचं,
शेवटच्या पायरीवरच्या कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्यासाठी.
‘मी’ म्हणायचं ते पंधराजणांच्या वतीनं.
‘आम्ही’ म्हटलंस की पायऱ्यांवरचे लोक बाहेर राहतात,
‘आपण’ म्हटलंस की आत येतात.
हा फरक कुठं लिहिलेला नसतो,
आवाजातच करावा लागतो.

आणि मग आतून किंकाळी.
येतेच. दाराआड कुणीतरी मरतंच.
पंधराजण थबकतात. एक म्हणतो, दार फोडू या.
दुसरा म्हणतो, थांबा, आधी खात्री करू या.
तू हात वर करतोस,
आणि कुणीही आत जात नाही.
अठरा वर्षं मी तो हात वर केला.

गेल्या हिवाळ्यात तालमीवरून परतताना
स्मिकिथोस कुंभाराच्या दारामागून लिसिल्लाचा आवाज आला.
ओळखीचा. विहिरीवर रोज शिव्या देणारा, खिदळणारा.
मी थबकलो.
पाय मोजू लागले, डावा, उजवा, डावा.
मागे चौदाजण नव्हते. एक शेळी होती, बांधलेली.
मी वाट बघत राहिलो,
कुणीतरी म्हणेल, दार फोडू या.
हात मात्र वर गेला, पॉलीझेलोस,
रिकाम्या गल्लीत, आपसूक.

सकाळी स्मिकिथोस म्हणाला, जिन्यावरून पडली.
मी विचारलं, कसं झालं.
आवाज चांगला लागला होता माझा.
शेवटच्या पायरीपर्यंत गेला असता.

म्हणून उद्या मी उभा राहणार नाही.
लोकांना गुडघ्याचं कारण दिलंय, तेच तूही सांग.

हा मुखवटा. म्हातारीचा. तागाचा, सरस लावून कडक केलेला,
आतून माझ्या घामानं काळा पडलाय.
दोरी डाव्या कानाखालून घे. काचते.
सैल करू नकोस.