तीन नंबरचा वापरकर्ता

मुस्तकीम वडाळा नाक्याहून ड्रिल घेऊन आला,
दाराला दोन भोकं पाडली,
भुसा फुंकून म्हणाला, काका, आता किल्ली विसरा.
ही विसरली नाही.
तुरीच्या डब्यात, तळाशी ठेवली.

पुस्तिका माझ्या वाट्याला आली.
पहिल्याच पानावर ठळक अक्षरात:
आकडे भरताना दार उघडं ठेवा.
मग काय, उंबऱ्यात स्टूल टाकून बसलो,
जेल रोड, तिसरा मजला, डिसेंबरातले साडेसात,
आणि बोटाला झोंबणारं ते गार लोखंड.
आधी मुख्य आकडा, सहा अंकी. मग चाकाची खूण.
मग वापरकर्त्याचा क्रमांक, मग त्याचा आकडा,
मग पुन्हा तोच आकडा,
कारण एकदा सांगून यंत्राचाही विश्वास बसत नाही.

एक नंबर मी.
दोन नंबर ही. बंद पडलेल्या लँडलाइनचे शेवटचे चार.
म्हणाली, तेवढाच फिरवला जाईल बिचारा.
तीन नंबर मथुराबाई पगारे, सिन्नर फाटा,
धुणं-भांडी, अकरा वर्षं.

त्यांना अंक वाचता येत नाहीत
हे अकरा वर्षांत मला त्या सकाळी कळलं.
फोन नातू लावून देतो म्हणे.
मी उगाच पुस्तिकेची पानं उलटत राहिलो.
त्या पदर खोचून पुढं झाल्या, बटणांकडं पाहिलं:
हे तर ठिपके की हो. तीन आडवे, चार उभे.
आणि हवेत, बोट न टेकवता, एक रेघ ओढली,
वळवली, कोपऱ्यात नेऊन सोडली.
ही कोयरीची अर्धी बाजू. ही माझी.
(कुठून कुठं ते सांगत नाही. आकडा अजून चालू आहे.)
कुलूप किर्र वाजून मागं सरलं.
चार वेळा चुकलं तर बोंब मारतं ते.
त्या एकदाही चुकल्या नाहीत. मी दोनदा.

एप्रिलात केतकीचा आइंडहोवनहून फोन:
बाबा, त्याची नोंद फोनवर दिसते, बघत जा ना रोज.
बघितली.
तीन नंबर, सकाळी आठ दहा. ठीक.
तीन नंबर, बुधवार, दुपारी एक बावन्न.
बुधवारी आम्ही हिच्या गुडघ्यासाठी द्वारकेला जातो.
मागचा बुधवार, एक अठ्ठेचाळीस.
त्याच्या मागचा, दोन पाच.
आतून बंद. साडेतीनला उघडलं.

कपाट पाहिलं. पाहिलं, खोटं कशाला बोलू.
सगळं जागच्या जागी.
फक्त पंखा चारवर, आम्ही तीनवर ठेवतो,
आणि पंख्याच्या बरोबर खाली एक काळी केसपिन.
दिवाणावर नाही. फरशीवर.

एकतीस वर्षं प्रेसच्या फाटकातून निघताना
मी हात वर केले. खिसे, डबा, चपलांचे तळ.
दिवसभर कोऱ्या नोटांचे गठ्ठे हाताळायचे
आणि बाहेर पडताना बसचे सुट्टे मोजून दाखवायचे.
झडती घेणारा जाधव. त्याच्या पोरीच्या लग्नात
मी दोनदा जिलबी मागून घेतली होती.
तरी हात वर. भोंगा झाला की आपोआपच जायचे.
ही म्हणते, झोपेत अजून जातात.

रात्री फोनमधली ती कळ शोधून काढली: नोंद ठेवू नका.
दाबली. मग स्वतःवर जरा खूश होऊन
हिला सगळं सांगायला बसलो,
पत्रा, ऊन, मोठ्या मनाची गोष्ट.
ही शेंगा निवडत होती. मान वर केली नाही.
मीच सांगितलंय त्यांना.
बुधवारी माठ भरून जाते ना मी, तो काय तुमच्यासाठी?

केतकीला कळवलं, सगळं ठीक.

काल मंगळवार. झोपायच्या वेळी कुलूप चिरकलं,
तांबडा दिवा लुकलुकला.
पुस्तिका म्हणते, काळजी नको, अजून शंभरदा उघडेल.
मी चपला घातल्या, कोपऱ्यावरचं दुकान
शटर ओढता ओढता गाठलं,
चार सेल आणले.